फारकतीचा कागद आणि कोर्टाचा हुकूमनामा

संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथं देवगडच्या मंदिरात फेब्रुवारी २००५मध्ये एक लग्न लागलं. नवरीचं हे दुसरं लग्न. पहिल्या नवऱ्यापासून घटस्फोट झाल्यावर ती सात-आठ वर्षं माहेरी राहिली होती. स्थळ मध्यस्थांनी आणलं होतं. तीन महिने संसार नीट चालला. मग एक बाई घरी आली आणि म्हणाली, मी याची बायको. त्याचं पहिलं लग्न १९७९चं होतं, ते मोडलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट नवरीपासून लपवून ठेवलेली होती. ती तेव्हा गरोदर होती. छळ असह्य झाला तशी ती माहेरी परतली आणि तिनं पोटगी मागितली. तेव्हा नवऱ्याच्या बाजूनं मांडलं गेलं, की पहिली बायको हयात आहे, म्हणजे ही कायदेशीर पत्नीच नाही.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. महिना १००० रुपये तिला आणि ५०० रुपये मुलीला, एवढ्या पोटगीसाठी. १९८८ साली याच न्यायालयानं, पहिलं लग्न कायम असताना झालेल्या दुसऱ्या लग्नातली स्त्री पोटगीच्या कायद्यापुरतीही पत्नी नाही, असा निकाल दिला होता. १८ ऑक्टोबर २०१३ रोजी न्या. रंजना प्रकाश देसाई आणि न्या. ए. के. सिक्री यांनी मात्र सांगितलं, की ज्यानं फसवलं त्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेऊ देता येणार नाही. पोटगीपुरती ती पत्नीच. निकाल न्यायाचा होता. पण तोवर त्या लग्नाला आठ वर्षं उलटून गेली होती.

आपल्याकडे दुसरेपणाचं स्थळ आलं की जमीन किती, पाणी आहे का, नोकरी कायम आहे का, हे सगळं खोदून विचारलं जातं. पहिल्या लग्नाचं काय, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘फारकत झालीय, कागद आहे.’ तो कागद बहुतेकदा स्टॅम्पपेपर असतो. त्यावर दोघांच्या सह्या, चार पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का. नोटरी सही खरी असल्याचं सांगतो. लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही.

या कागदामागे परंपरा आहे, आणि ती हिणवण्यासारखी नाही. उच्चवर्णीयांच्या शास्त्रात बाईला सुटकाच नव्हती, तेव्हा अनेक जातींत काडीमोड होता, पाट लावता येत होता. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या जमातींच्या पंचायती पिढ्यान्‌पिढ्या बसत आल्या. नवरा-बायकोचे तंटेही तिथं तुटायचे. सर्व हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात आला तो १९४७ साली, देशभर १९५५ साली. त्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानंही रूढीचा घटस्फोट रद्द केला नाही. कलम २९मध्ये तो राखून ठेवला. मात्र आमच्या समाजात अशी रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे सांगणाऱ्यालाच ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही तर पहिलं लग्न कायम, दुसरं अवैध, आणि द्विभार्येचा गुन्हा वेगळा. भुर्दंड बहुतेक वेळा त्या दुसऱ्या बाईलाच पडतो. म्हणून मला वाटतं, रूढी असली तरी हुकूमनामा घ्यावाच.

कोर्टाच्या अटी लोक समजतात तेवढ्या अगम्य नाहीत. १९५५चा हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती दांपत्यांचे कायदे वेगळे. लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत अर्ज करता येत नाही. अपवादात्मक हालअपेष्टा असतील तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दोघांची संमती असेल तर किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं. ही मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली ठरवलं. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. संमती नसेल तर कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षं टाकून जाणं, अशी. कुष्ठरोग हेही २०१९पर्यंत त्या यादीत होतं, हे वाचून आजही वाईट वाटतं. ‘आता जमतच नाही’ एवढंच कारण कायद्यात नाही. २०२३च्या घटनापीठाच्या निकालानं त्या आधारावर लग्न मोडण्याचा अधिकार मान्य केला, तो फक्त सर्वोच्च न्यायालयाचा.

अर्ज कुठं करायचा, यात ऊसतोड मजुरांचा प्रश्न दडलेला आहे. लग्न जिथं लागलं, समोरचा जिथं राहतो, किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथं राहिले, तिथलं न्यायालय. आता पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड जोडप्याचा विचार करा. लग्न बीड जिल्ह्यात, नवऱ्याचं घर तिसरीकडं, आणि शेवटचे महिने एखाद्या कारखान्याच्या तळावर कोपीत गेलेले. माहेरी परतलेल्या बाईनं कुठं कुठं खेटे घालायचे? २००३च्या दुरुस्तीनं तिला स्वतः राहते तिथंच अर्ज करायची मुभा दिली. माझ्या मते या कायद्यातली बाईच्या सर्वांत कामाची दुरुस्ती हीच. कौटुंबिक न्यायालय असेल तिथं त्याच्याकडं, नाहीतर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडं. सोबत लग्नपत्रिका, फोटो, नोंदणीचा दाखला, जे असेल ते. पोटगी मागायची असेल तर दोघांनाही आपलं उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागते; २०२०च्या निकालानं ते बंधनकारक केलं.

मुलगी अठराच्या आत लग्नाला उभी केली असेल, तर घटस्फोटाआधी दुसरा मार्ग पाहावा. २००६च्या कायद्यानुसार सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांत ती ते लग्नच रद्द करून मागू शकते. ही मुदत किती मुलींना कुणी सांगतं?

वकिलाच्या फीची धास्ती घेऊन बायका स्टॅम्पपेपरवर सही करतात. १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडं त्यासाठी अर्ज करता येतो. घरात जुना फारकतीचा कागद असेल तर तो फाडू नये, सोबत न्यावा. तो घटस्फोट नसला, तरी दोघं कधीपासून वेगळे राहतात, हे दाखवायला त्याचा उपयोग होऊ शकतो.