संकटाचं सोनं कोण करतं?

संकटात सापडलेल्या माणसाला आपल्याकडे उपदेशाची वानवा नसते. ‘खचू नकोस’, ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’, ‘यातूनच तू घडशील’. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या बोलण्यात एक निकालही दडलेला असतो: संकटाचं सोनं करणं ज्याचं त्याच्याच हाती, आणि ज्याला ते जमलं नाही तो मनाने कच्चा.

इतिहास मात्र वेगळंच सांगतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. 1880 मध्ये भाऊ गेला आणि 1882 मध्ये नवराही. पदरात तान्ही मनोरमा. तरीही रमाबाई उभ्या राहिल्या, आणि 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. जिद्द त्यांची होतीच, पण तिला आधार होता तो वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, लोकनिंदा सोसून बायकोला आणि मुलीला दिलेल्या संस्कृतच्या शिक्षणाचा. सगळं गेलं तरी ती विद्या उरली होती.

या शारदा सदनात अगदी सुरुवातीला दाखल झालेल्यांत देवरुखच्या जोशांची गोदूबाई होती. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य आणि पुढे सासरी राबणं. विशी ओलांडल्यावर ती शाळेची पायरी चढली. इतकी वर्षं तिच्यात धमक नव्हती असं कोण म्हणेल? तिला जायला जागाच नव्हती. शारदा सदन निघालं, भाऊ नरहरपंत पाठीशी उभे राहिले, तेव्हा कुठे तिच्या धमकेला वाट मिळाली.

नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव कर्वे यांची पत्नी राधाबाई 1891 मध्ये गेली. विधुराने दुसरेपणी कुमारिकेशी लग्न करणं हा तेव्हाचा रिवाज. कर्व्यांनी मात्र 1893 मध्ये विधवा गोदूबाईशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. नुसत्या पुनर्विवाहाने फार थोड्यांचा प्रश्न सुटतो हे कर्व्यांनी ओळखलं आणि 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला सहा एकर जमीन आणि 750 रुपये दिले. तिथे 1900 मध्ये एक झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि आश्रमाला लागणारं सामान घेऊन पायी हिंगण्याला जायचे. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. त्या याच संस्थेच्या आधाराने शिकल्या आणि पुढे संस्थेसाठी निधी जमवायला थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

रमाबाई, गोदूबाई, कर्वे, पार्वतीबाई. प्रत्येकाचं दुःख स्वतःचं होतं. ते कोणी वाटून घेतलं नाही, घेताही येत नाही. पण त्या दुःखातून जे उभं राहिलं त्याला दर वेळी आधी कोणीतरी करून ठेवलेल्या कामाचा टेकू होता: बापाने दिलेली विद्या, भावाची साथ, कोणाची जमीन, कोणाची शाळा. ज्या हजारो विधवांना यातलं काहीच लाभलं नाही त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्या मनाने कच्च्या होत्या म्हणून नव्हे.

संकट माणसाला घडवतं हे अर्धंच खरं आहे. बहुतेकांना ते नुसतं मोडतं. जिद्द लागतेच, पण जिद्दीलाही पाय रोवायला जमीन लागते. शिवाय या चौघांनीही आपलं निभावलं एवढ्यावर काम थांबवलं नाही. स्वतःला मिळालेला आधार दुसऱ्याला मिळेल अशी सोय केली. संकटातून चांगलं घडलं असं म्हणायचं तर ते याच अर्थाने.

तेव्हा शेजारच्या घरात कर्ता माणूस गेला, कोणाची नोकरी सुटली, कोणाचा संसार मोडला, तर धीराच्या चार शब्दांवर थांबू नका. मुलांची फी भरा, बँकेच्या खिडकीपर्यंत सोबत जा, ओळखीत काम असेल तर शब्द टाका. आणि संकटात तुम्ही स्वतः असाल, तर हात पुढे करून मदत मागायला लाजू नका. रमाबाईंनीही शारदा सदनासाठी अमेरिकेत गावोगाव फिरून पैसा मागितला होता.