मळा आणि बाग

जमीन जिराईत की बागाईत, असा भेद मराठी शेतकरी पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. विहिरीचे किंवा पाटाचे पाणी मिळते ती बागाईत. मग तिच्यात ऊस असो, केळी असो की हळद. ‘बाग’ हा शब्द फारसीतून घेताना मराठीने त्यातली शोभा जणू बाजूला ठेवली आणि पाणी व कष्ट तेवढे उचलले. कोकणातली वाडीही याच जातीची. नारळी-पोफळी, विहीर, अबोलीचा वाफा आणि राहते घर यांच्यामध्ये तिथे कुणी रेषा ओढलेली नसते. केवळ डोळ्यांच्या सुखासाठी राखलेल्या बागा होत्या, त्या राजवाड्यांच्या. म्हणून जुन्या मळ्यातल्या घराभोवती आजच्या रुचीची बाग आखावी काय, हा प्रश्न निव्वळ अभिरुचीचा राहत नाही. गतकाळाशी इमान राखायचे म्हणजे नेमके कशाशी, असे तो विचारतो.

बेंगळुरूच्या दक्षिणेस कनकपुरा रस्त्यावर तातगुणीचा सुमारे ४६८ एकरांचा मळा आहे. त्याच्यासंबंधी हा प्रश्न फार काटेकोरपणे उभा राहतो. मराठी वाचकाला देविका राणी आठवतात त्या मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’च्या, १९३६ च्या ‘अछूत कन्या’च्या. १९४५ मध्ये चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी विवाह करून त्यांनी चित्रपटसृष्टी सोडली आणि पुढले दीर्घ आयुष्य बेंगळुरूच्या या मळ्याशी जोडून घेतले. तिथे त्यांनी लावला तो गुलाबांचा ताटवा नव्हे, लिनॅलोचा वृक्ष. हा मूळचा मेक्सिकोचा. भारतात त्याच्या फळांच्या सालीपासून सुगंधी तेल काढतात, आणि अत्तराच्या व्यवसायात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लिनालूल या द्रव्याला त्याचेच नाव मिळाले आहे. वृक्ष कोरड्या वनातला. उन्हाळ्यात पाने टाकून उघडाबोडका उभा राहणारा. वर्षभर हिरवेगार हवे असणाऱ्या उद्यानकाराला तो अडचणीचाच वाटणार.

रोरिक ३० जानेवारी १९९३ रोजी वारले. लिनॅलोच्या लागवडीखालील जमिनीला भूसुधारणा कायद्यातून असलेली सूट कर्नाटक सरकारने ८ मार्च १९९४ रोजी काढून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी देविका राणीही गेल्या. १९९६ मध्ये खास कायदा करून राज्याने मळा संपादित केला. त्या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०११ मध्ये मान्य केली. मधली पंधरा वर्षे वादाची. वाद माणसे घालीत होती, झाडे आपल्या परीने वाढत किंवा वठत होती.

घराची डागडुजी करताना अमुक एक साल ठरवून तिथपर्यंत मागे जाता येते. कौल तसेच, गिलावा तसाच, खिडकीची चौकटही तशीच करता येते. बागेला अशी सोय नाही. तिला जसेच्या तसे ठेवू म्हणणारा तिला रानाच्या स्वाधीन करतो, आणि जो निगा राखतो तो दररोज थोडे बदलतो. बेंगळुरूच्याच लालबागेचे उदाहरण घ्यावे. १७६० मध्ये हैदर अलीने ती आरंभिली, टिपूने वाढविली, इंग्रजी अमदानीत १८८९ मध्ये तिथे काचघर उभे राहिले. १९०८ पासून १९३२ पर्यंत तिचा कारभार पाहणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल हे तर सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याहून म्हैसूर संस्थानात आलेले. (बडोद्याने इतरांना दिलेल्या माणसांचा हिशेब कुणी मांडला पाहिजे.) इतक्या हातांनी फेरफार केला म्हणून लालबागेशी कुणी बेइमानी केली असे कोणी म्हणत नाही. मग तातगुणीच्या बाबतीतच संकोच का वाटावा?

फरक असा की लालबाग प्रथमपासून बाग होती आणि प्रत्येकाने तिला बागच ठेवले. तातगुणीत घराभोवती होता तो व्यवसाय. फळे वेचायची, साली वेगळ्या करायच्या, भट्टी लावायची, तेल उतरवायचे. ते थांबले आणि झाडे तेवढी राखली तर ती देखणी होतील, पण त्यांचा अर्थ बदलेल. कागदपत्रांत लागवड म्हणून नोंदलेली झाडे देखाव्याची होतील. त्यापुढे जाऊन पायऱ्यापायऱ्यांची हिरवळ, तळ्याकाठी बाके, विलायती गवताचे पुंजके आणले तर घर जुने आणि भोवताल परका अशी अवस्था होईल. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून उपसून आणणाऱ्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरसाठी रांगा लावलेल्या शहराच्या वेशीवर हिरवळीला पाणी घालणे, हेही त्यातच आले. देशी झाडेच लावावीत हा आग्रहही इथे लटका पडतो. कारण मळ्याचा मालक रशियन आणि झाड मेक्सिकोचे.

तेव्हा इमान राखायचे ते रूपाशी नव्हे, कामाशी, असे म्हणावेसे वाटते. परंतु इथेच विचार अडतो. ज्या झाडामुळे कायद्याची सूट मिळाली त्याच झाडामुळे, कुळकायद्याच्या काळात, एवढी जमीन एका दांपत्याकडे अखंड राहिली. लिनॅलो हे श्रमाचे झाड, तसेच ते सवलतीचेही झाड. फळे वेचणाऱ्या हातांची नावे कोणत्याही निकालपत्राच्या शीर्षकात नाहीत. मळ्याची स्मृती जपायची म्हटले तर ती त्यांचीही जपावी लागेल, आणि ती स्मृती मालकाच्या स्मृतीइतकी सुगंधी असेलच असे नाही. भट्टी पुन्हा पेटवायची तर मजुरी कोण ठरवणार, तेल कोणाचे? संग्रहालयाच्या आराखड्यात चित्रांची दालने सहज बसतात. या प्रश्नांना त्यात जागा करावी लागते.

रोरिक आणि देविका राणी या दोघांच्या समाध्या त्याच मळ्यात आहेत. त्यांच्याभोवती काय लावायचे, हे आता सरकारी खात्याने ठरवायचे आहे.