स्कार्फ सोड आणि नीट बस

स्कार्फ सोड. एप्रिल महिना आहे, खोलीत आपण दोघीच आहोत, आणि सातवीच्या सहलीत तुझ्या डोक्यातल्या उवा मीच काढल्या होत्या. माझ्यासमोर कसली लाज?

हं. मागे रुपयाएवढी एक, कानामागे दुसरी, आणि ही वरची नवीन दिसते. चाई आहे. कधीपासून? दोन-तीन महिने? खोटं बोलू नकोस. पहिली गणपतीत दिसली, असं तुझी आई म्हणाली. मोज बोटांवर. आठ महिने होत आले.

या आठ महिन्यांत काय दिवे लावलेस तेही कळलंय मला. आधी शाम्पू बदललास. मग बोअरच्या पाण्याला बोल लावलेस. मग अंगात उष्णता आहे म्हणून सब्जा आणि गुलकंद. मग आत्याने लसूण ठेचून चोळला आणि टाळूवर टरारून फोड आले. तेवढ्यानेही भागलं नाही म्हणून गुंज उगाळून लावलीस. गुंज! तिचं बी चावून खाल्लं तर माणूस दगावतो, हे बारावीच्या सहलीत सगळ्या वर्गाला कोणी सांगितलं होतं? तूच ना?

आत्याला मी काही बोलणार नाही. तिला शाळेत घालायचंच कुणाच्या मनात आलं नाही. तू मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालीस. दिवसभर प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी मोजतेस आणि घरी येऊन ‘केसांना किडा लागलाय’ म्हटलं की मान डोलावतेस? डोकं लॉकरमध्ये ठेवून येतेस का घरी?

सांग आता, फळ्यापाशी उभी आहेस असं समजून. वाढीला लागलेलं केसाचं मूळ एरवी शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेआड असतं. ती आडोशाची भिंत ढासळली की टी-पेशी त्यालाच शत्रू समजून वेढा घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाभोवती मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं दिसतं, आणि पॅथॉलॉजीवाले त्याला नावही मधमाश्यांचंच देतात. केस कमकुवत होऊन तुटतो, बुडाशी निमुळता, उद्गारचिन्हासारखा. तुझ्या चट्ट्याच्या कडेला तसे चार उभे आहेत. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत, ते नेलपॉलिशखाली झाकलेस, तेही दिसतात मला. मूळ मात्र मेलेलं नसतं. ते आत तसंच असतं, वेढा उठायची वाट बघत. हे तुला येत नव्हतं? यावर तुला पैकीच्या पैकी गुण होते.

आणि बुलढाण्याचं कारण पुढे करू नकोस. डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस पटापट गळाले, आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथे घरंच्या घरं एकदम गळत होती. तुझ्या घरात पाच माणसं तोच गहू खातात. चाई एकटीलाच कशी?

चाईवर कांद्याच्या रसाचं संशोधन झालंय म्हणे. झालंय. २००२ साली, बगदादला, मूठभर माणसांवर. पण तेवढा एक निबंध शोधून काढायला वेळ मिळाला, आणि त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घ्यायला मिळाला नाही? छोटी चाई पुष्कळदा वर्षभरात आपली आपण भरते. म्हणून तर गावोगावच्या चाई उतरवणाऱ्यांची पोटं भरतात! केस उगवायच्या वेळी ज्याचा लेप डोक्यावर असतो, त्याचा नवस फेडला जातो.

गेलीस एकदाची दवाखान्यात, दिवाळीनंतर. चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक बारीक इंजेक्शनं दिली. दुखलं. दुखणारच, टाळू आहे ती, उशी नव्हे. पुन्हा सहा आठवड्यांनी बोलावलं होतं. गेलीस? ‘तीन आठवडे झाले तरी काहीच फरक नाही, बाई.’ अगं, केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो! ब्रेडवरची बुरशी वाढायला चार दिवस थांबतेस आणि स्वतःच्या डोक्याला तीन आठवडे?

थांबणं राहिलं बाजूला, चुलतभावाने आणून दिलेली टोफासिटिनिबची पट्टी मात्र लगेच सुरू केलीस. तुझ्या आईने पाकीट दाखवलं तेव्हा हातपाय गार पडले माझे. औषध खोटं नाही. टी-पेशींना चिथावणारा निरोप आतल्या आत अडवणाऱ्या गोळ्या आहेत या. २०१४ मध्ये येलच्या डॉक्टरांनी अंगावर एक केस न उरलेल्या पंचवीस वर्षांच्या माणसाला तीच गोळी दिली आणि त्याचे केस परत आले. जून २०२२ मध्ये त्याच जातीच्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत मोठ्या चाईसाठी रीतसर मान्यताही मिळाली. पण ही गोळी पहारेकऱ्यांनाच झोपवते. क्षयाची तपासणी केलीस? यकृताची? रक्तातल्या पेशींची? क्षय घरोघरी लपलेला आहे अशा देशात तू राहतेस, आणि जंतूंवर पदवी मिरवतेस. शिवाय गोळी थांबवली की केस पुन्हा गळू शकतात. तीन चट्ट्यांसाठी हे लागतं का, ते ठरवायचं कुणी? चुलतभावाने? तो मोबाइलचे कव्हर विकतो.

रडतेस कशाला? बरं, रड. रडण्याला मी कधी नाही म्हटलं? शंभरात दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते, म्हणून तुझं दुःख दोन टक्के होत नाही. सकाळी उशीवर केसांचा पुंजका बघायचा म्हणजे काय, ते मला सांगू नकोस, मी कर्करोगाच्या वॉर्डात बहिणीशेजारी बसले आहे. रात्र रात्र झोप नाही म्हणतेस, मग तेही डॉक्टरांना सांग आणि समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो पाहुणे बघायला आले की पोटात दुखतंय म्हणून आतल्या खोलीत पडून राहण्यात. चौथं स्थळ तसंच परत गेलं ना? त्यांनी नाकारलं नाही. तू त्यांच्या वतीने नाकारून मोकळी झालीस.

तो फुटबॉलचा पंच, कोलिना, माहीत आहे? चोविसाव्या वर्षी याच दुखण्याने डोकं गुळगुळीत झालं त्याचं. २००२ च्या विश्वचषकाची अंतिम लढत त्यानेच सांभाळली. पुरुषांचं काय जातं, असंच म्हणणार ना? मग अयाना प्रेस्ली घे. अमेरिकेच्या संसदेतली बाई. डिसेंबर २०१९ मध्ये महाभियोगाच्या मतदानाच्या आदल्या दिवशी तिचे उरलेसुरले केस गेले. विग चढवून गेली, बोलली, मत दिलं, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन लपली. हे तिनेच सांगितलं, पुढच्या महिन्यात, कॅमेऱ्यासमोर विग काढून. लपली तीही. पण आधी मत देऊन आली. तुला विग हवा तर घे. स्कार्फ बांध, टोपी घाल, काही नको तर तशीच फीर. माझी काही हरकत नाही. कामाला दांड्या मारणं तेवढं बंद कर.

सगळे केस येतील असं वचन मी देणार नाही. येतील, पुन्हा जातील, कदाचित जास्तच जातील. थायरॉइडची तपासणी राहिलीय, या दुखण्याची त्याच्याशी सोयरीक असते. गुरुवारी दहाची वेळ घेतली आहे, मी बरोबर येते. आणि ती पट्टी पर्समध्ये टाक, किती गोळ्या खाल्ल्यास ते डॉक्टरांना मोजून सांगायचंय. बघ कशी तोंड लपवतेस ते.

थांब. मान वळव जरा, उजेडाकडे. मागच्या चट्ट्यात हे लाल ठिपके कसले? उपटलेस? काय उपटलंस? पांढरे केस? पिकायला लागले म्हणून?

अगं मूर्ख मुली, चाईत नवा केस आधी पांढराच येतो! रंग मागाहून चढतो. आठ महिने ज्याची वाट बघितलीस ते स्वतःच्या हाताने खुडून टाकत होतीस? किती दिवस चाललंय हे? रोज?

कुठे आहे तो चिमटा? पर्समध्येच असणार. काढ. इकडे दे.