टेबल कुठाय?

खालापूर तालुक्यात, चौकपासून थोडं आत, एका गावात आबा आणि आक्का राहत. आबांची सगळी नोकरी खोपोलीच्या वीजघरात झाली, 1915 साली सुरू झालेल्या त्या जुन्या वीजघरात. निवृत्तीनंतर त्यांनी वडिलांचं कौलारू घर नीटनेटकं करून घेतलं. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि पडवीत आक्कांचा पाटा. मुंबईतला मुलगा कामासाठी आग्र्याला गेला होता, तिथून त्यानं आईवडिलांना एक टेबल पाठवलं. मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराचं, आठकोनी, वर पच्चीकारीची वेल.

वेल खरोखरच बघण्यासारखी होती. पानं मॅलाकाइटची, हिरव्यात गडद हिरव्या रेषा असलेली. कळ्या लाजवर्दाच्या, निळ्याशार. मधलं फूल तांबूस अकीकाचं, एकेका पाकळीत अनेक तुकडे, आणि सांध्यावरून नख फिरवलं तरी कुठे अडकत नव्हतं. नूरजहाँनं आपल्या वडिलांसाठी 1622 ते 1628 या काळात आग्र्याला बांधलेल्या इतमाद-उद-दौलाच्या मकबऱ्यावर याच जातीचं काम आहे, ताजमहाल त्यानंतरचा. आबांनी हे सनावळीसकट पाठ केलं, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागणार होतं.

मग घरानं टेबल सजवायला घेतलं.

एवढी मोलाची वस्तू, धूळ नको बसायला, म्हणून आक्कांनी मधोमध क्रोशाचा रुमाल घातला. टेबल शोभिवंत, तर त्यावर देव हवा, म्हणून आबांनी महडच्या वरदविनायकाला गेले असताना घेतलेली पितळी मूर्ती आणून ठेवली. मे महिन्यात सूनबाई आल्या. त्यांनी सजावटीच्या मासिकात वाचलं होतं की एक उंच, एक मध्यम आणि एक बुटकी अशा तीन वस्तू मांडाव्यात, खाली तबक असावं, शेजारी दोन जाड पुस्तकं असावीत. त्याप्रमाणे फुलदाणी, मेणबत्ती, तबक, पुस्तकं आली. (मासिकातल्या घरांत माणसं राहत नाहीत, हे त्या घरांचं एक बरं असतं.) इथे माणसं राहत होती. त्यामुळे नातवाचा फोटो, आबांचा चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, रिमोट आणि आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र आपापल्या पायांनी चालत आल्यासारखे टेबलावर जमा झाले. कोणीही वाईट हेतूनं काही ठेवलं नव्हतं. प्रत्येकानं कौतुकानंच ठेवलं होतं.

पावसाच्या तोंडावर एक शेजारी आले आणि कोकम सरबताचा ओला पेला टेबलाच्या कडेला ठेवून तासभर बोलत बसले. पेला उचलला तर खाली एक फिकट, खरबरीत गोल. आक्कांनी तांब्याला लावतात तशी चिंच लावून तो चोळला. गोल तळहाताएवढा पसरला.

आक्कांचा दोष म्हणावा तर तोही नाही. कर्जत-खालापूरकडच्या माणसाला दगड म्हणजे काळा दगड. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या कातळात कोंडाण्याची लेणी खोदली, तो. त्याच दगडाच्या पाट्यावर जन्मभर चिंच वाटा, कोकम वाटा, त्याला ढिम्म काही होत नाही. संगमरवर मुळात चुन्याच्या जातीचा. आंबट लागलं की त्याची वरची झिलई खाल्ली जाते. तो डाग नसतो, झीज असते, आणि झीज पुसून जात नाही. आक्कांनी मोठा रुमाल विणून ती झाकली.

गणपतीला मुलगा घरी आला. चपला काढून ओटीवर आला, इकडेतिकडे पाहिलं.

“आबा, टेबल कुठाय?”

“हे काय, तुझ्या गुडघ्याला लागलंय!”

सगळे हसले. तो एकटा हसला नाही.

गौरीचं पुरण वाटायचं म्हणून दुसऱ्या दिवशी पाट्याला टाकी लावायला पाथरवट मामा आले. ठकठक करून पाट्यावर बारीक टिंब उठवली, हात धुतले आणि म्हणाले, “आक्का, परमुलखातलं दगडकाम आलंय म्हणतात तुमच्याकडे. दाखवा की.”

दाखवायचं तर आधी काढायला हवं होतं. मूर्ती उचलली, फुलदाणी उचलली, पुस्तकं, तबक, फोटो, गोळ्या. शेवटी रुमाल. आक्का तो काढताना जरा घुटमळल्या.

मामा जमिनीवरच बसले. डोळे टेबलाच्या पातळीला आणून त्यांनी वेलीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग बॅटरी मागितली आणि फुलाला टेकवून लावली. अकीक आतून निखाऱ्यासारखा पेटला. पानांनी आणि कळ्यांनी मात्र उजेड आत घेतला नाही. “खरा माल आहे,” मामा म्हणाले.

मुलानं आग्र्याला पाहिलेलं सांगितलं. पांढऱ्या दगडावर आधी लाल रंग फासतात, म्हणजे टोच्यानं ओढलेली रेघ उठून दिसते. रेघेच्या आत खाच खणतात. रंगीत दगडाचा तुकडा धनुकलीनं फिरणाऱ्या सहाणेवर घासायचा, खाचेत बसतो का बघायचं, पुन्हा घासायचा. बसला की चिकटवायचा. शेवटी लाल रंग धुऊन टाकायचा.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. “त्याच्याकडे रंगीत दगड पुष्कळ असतील, हातही बसलेला. मग सगळं टेबल का नाही भरलं त्यानं?”

कोणी बोललं नाही.

“हे पांढरं आहे ना, ते उरलेलं नाही, सोडलेलं आहे. तिथं त्यानं हात आवरला म्हणून ही वेल दिसते. आणि त्यानं सोडलेलं तुम्ही भरत बसलात.”

“पण मामा, नुसतं टेबल ओकंबोकं वाटतं,” सूनबाई म्हणाल्या.

“ओकं कुठाय? वेल आहे की.”

कडेच्या खरबरीत गोलावर त्यांनी बोट फिरवलं. “हे घासून जाईल, पण चिंचेनं नाही. आणि मीही करणार नाही. माझा हात काळ्या दगडाचा. लादी पॉलिशवाल्याला दाखवा.” पाट्याची मजुरी तेवढी घेऊन ते गेले.

त्या दिवशी कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण वस्तू एकेक करून हलल्या. वरदविनायक माजघरातल्या कोनाड्यात गेला, तिथे आक्कांना रोज दिवा लावता येऊ लागला. फोटो भिंतीवर गेला. पुस्तकं आबांच्या उशाशी गेली आणि त्यातलं एक चक्क वाचून झालं. फुलदाणी सूनबाईंनी स्वतःच परत नेली. टेबल टीव्हीसमोरून उचलून खिडकीपाशी आलं, सकाळचं ऊन तिरपं पडतं पण पावसाची झड पोचत नाही अशा जागी. रिमोटला तेवढी अजून जागा सापडलेली नाही.

मुंबईला पोचल्यावर मुलाचा फोन आला. “आई, वरून घालायला मापाची काच पाठवू का?”

“काच नको,” आक्का म्हणाल्या. “इथल्या पावसात खाली ओल धरेल. पेल्याखाली ठेवायला चार बशा पाठव. आणि हे बघ, नक्षीच्या नको, साध्या पाठव.”