आईचे आरोग्य : स्वार्थ की कर्तव्य?

आपल्या घरांत आईच्या प्रकृतीचा विषय बहुधा ती अंथरूण धरते तेव्हाच निघतो. तोवर तिचे शरीर घराच्या मधल्या खांबासारखे असते. सारे छप्पर त्याच्यावर तोललेले असते. पण त्याला कोठे वाळवी लागली आहे काय, हे पाहण्याची कोणाला सवड नसते. वडिलांचा रक्तदाब, मुलांचे वजन, आजीचे गुडघे यांची चौकशी रोज होते. आईने मात्र ‘मला काय झाले आहे?’ असे म्हणून विषय मिटवायचा, असा जणू अलिखित संकेतच आहे.

अशा घरातील एखादी चाळिशीची आई एके दिवशी ठरवते, की यापुढे रोज थोडा वेळ आपण आपल्या शरीरासाठी द्यावा. साठीतही पाठीचा कणा ताठ राहील असे काही करावे. निश्चय दिसायला साधा आहे. पण तो मनाशी बोलताच तिच्यापुढे दोन शंका उभ्या राहतात. हा वेळ मी कोणाच्या वाट्यातून काढून घेत आहे, ही पहिली. आणि वीस वर्षांनंतरच्या आरोग्याच्या मागे लागून आजचे घरातले सुख तर हातचे जाणार नाही ना, ही दुसरी. या दोन्ही शंका नैतिक स्वरूपाच्या आहेत आणि व्यायामाच्या पुस्तकांत त्यांची उत्तरे सापडत नाहीत. म्हणून त्यांचा थोडा शांतपणे विचार करावयास हवा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. वसईच्या पट्ट्यातील आजीच्या पिढीला कोणी व्यायामाचा उपदेश केला असता, तर ती हसली असती. बावखलाचे पाणी, केळीच्या व पानवेलीच्या वाड्या, भाजीची खुडणी, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराची वाट, असा तिचा दिवसच श्रमांचा होता. त्या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या श्रमांनी अनेकींच्या कमरा अकाली वाकवल्या. तथापि ते शरीर चालते, वाकते, उचलते होते. तिची नात आज शाळेत, बँकेत किंवा कचेरीत नोकरी करते. चर्चगेट ते बोरिवली अशी खास स्त्रियांसाठीची लोकल पश्चिम रेल्वेने १९९२ साली सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या डब्यात बसून संध्याकाळची भाजी निवडणाऱ्या स्त्रियांचे कौतुक आपण पुष्कळ केले. घरी ओट्यापाशी उभे राहणे, गाडीत दाटीवाटीने तिष्ठणे, कचेरीत सात-आठ तास खुर्ची आणि परतल्यावर पुन्हा ओटा, या दिनक्रमात ती थकते किती, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ती चालते किती, हे कोणी मोजले नाही.

काही आकडे मात्र मोजले गेले आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरच्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ साली हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, आणि पुरुषाचा नऊ मिनिटांनी! दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालासाठीच्या अंदाजाप्रमाणे भारतातील पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के आहे. घरात जी सर्वांत जास्त राबते, तीच हालचालीत मागे पडलेली आहे. हा विरोधाभास वाटला तरी त्यात गूढ काही नाही. दमणूक आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तासभर एका जागी उभे राहून पोळ्या लाटल्याने पाय दुखतात. पण हृदयाची गती वाढत नाही आणि मांडीचे स्नायू बळकट होत नाहीत. तिशीनंतर स्नायूंची झीज हळूहळू सुरू होते. पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची घनता वेगाने घटते. ही झीज दिवसभराच्या दगदगीने भरून निघत नाही. त्यासाठी अंगावर थोडा भार घेणारी, श्वास वाढवणारी हालचाल नेमाने करावी लागते.

आता पहिल्या शंकेकडे वळू. स्वतःसाठी वेळ काढणे हा स्वार्थ होय काय? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या खंडात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. लोक ज्याला स्वार्थी म्हणतात तो पैसा, मान आणि उपभोग यांचा मोठा वाटा स्वतःकडे ओढतो, आणि तो निंदेस पात्रच आहे. पण स्वतःमधील उत्तम अंशाचा जो सांभाळ करतो, त्याचेही स्वतःवर प्रेमच असते. असा मनुष्य इतरांच्याही उपयोगी पडतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाचा क्रम लावताना आपल्या देहावरही प्रेम करावे असे सांगितले. मात्र त्याचबरोबर शेजाऱ्याच्या आत्म्याचे हित आपल्या देहाहून वरचे मानले. म्हणजे देहाची झीज सोसण्याचे प्रसंग असतात, हे त्यांना मान्य आहे. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी रात्र जागवणारी आई त्या वेळी व्यायामाचा हिशोब करीत नाही, आणि तिने तो करूही नये.

प्रश्न त्या रात्रीचा नाही. प्रश्न आहे तो अशा हजारो दिवसांचा, जेव्हा कोणाला ताप नसतो, कसली निकड नसते, तरीही आईचा वाटा केवळ सवयीने शेवटी ठेवला जातो. उरलेसुरले आईच्या ताटात, हा न्याय अन्नापुरता राहत नाही. तो वेळेला, झोपेला आणि मोकळ्या हवेलाही लागू होतो. त्यागात त्यागणाऱ्याने काहीतरी समजून-उमजून दिलेले असते. येथे कोणी मागितलेले नसते, कोणी दिलेले नसते. नुसते घेतले गेलेले असते. अशा झिजण्याला आपण त्यागाचे नाव देतो, तेव्हा आईचा गौरव करीत आहोत असे आपल्याला वाटते. वास्तविक आपण आपली सोय करून घेत असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्त्रियांच्या नैतिक विचाराचा एक प्रवास दाखवला आहे. आधी केवळ स्वतःचा बचाव. मग स्वतःला वगळून इतरांची काळजी, आणि यालाच चांगुलपणा मानणे. आणि त्यापुढे, काळजी घ्यावयाच्या माणसांत आपणही एक आहोत, याची जाण. हा तिसरा टप्पा पहिल्याकडे परत जाणे नव्हे. येथे काळजी तीच असते, फक्त तिच्या वर्तुळात आजवर बाहेर उभे असलेले एक माणूस आत येते. ही जाण आपल्या मुलांना व्हावी असे प्रत्येक आईला वाटते. आपल्या मुलीने सासरी स्वतःला पुसून टाकावे, असे म्हणणारी आई विरळा. जे मुलीसाठी अन्याय्य वाटते ते आपल्यासाठी धर्म कसे ठरेल, हा प्रश्न तिने एकदा स्वतःला विचारावा.

समाज मात्र हे सहजी मान्य करीत नाही, आणि ते केवळ आपल्याकडेच असे नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फॅनी ब्लँकर्स-कोएन ही डच धावपटू उतरली, तेव्हा ती तीस वर्षांची आणि दोन मुलांची आई होती. हिने घरी राहून मुले सांभाळावीत, अशी टीका तिच्यावर झाली. तिने त्या स्पर्धांत चार सुवर्णपदके मिळवली. आपल्याकडे मेरी कोम हिने २००७ साली जुळ्यांना जन्म दिल्यानंतर २००८ मध्ये पुन्हा जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेचे विजेतेपद पटकावले. ही उदाहरणे सामान्य गृहिणीने गिरवावीत म्हणून दिलेली नाहीत. पदक मिळाल्यावर टीका थांबते. पण जिला कधीच पदक मिळणार नाही, तिचाही स्वतःच्या शरीरावर तितकाच हक्क असतो. तो हक्क यशाने सिद्ध करावा लागू नये, एवढेच म्हणावयाचे आहे.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. दूरचे ध्येय आणि आजचे सुख यांचा मेळ कसा घालावा? येथेही ॲरिस्टॉटलच मदतीला येतो. त्याने क्रियांचे दोन प्रकार कल्पिले. एका प्रकारात क्रियेचे साध्य तिच्या बाहेर असते. ती चालू असते तोवर साध्य हाती आलेले नसते, आणि साध्य हाती आले की क्रिया संपते. आश्चर्य असे, की या प्रकाराचे त्याने दिलेले एक उदाहरण आहे वजन घटवण्याचे! दुसऱ्या प्रकारात साध्य क्रियेतच असते. पाहणे, चिंतन करणे, सुखाने जगणे, या गोष्टी करीत असतानाच त्या पूर्ण झालेल्या असतात.

आजच्या आईची कोंडी या भेदातून नेमकी ध्यानी येते. पाच महिन्यांत दहा किलो, असे ध्येय तिच्यापुढे ठेवले की तिचा प्रत्येक दिवस अपुरा ठरतो. वजनकाटा रोज सकाळी निकाल सांगतो आणि तो बहुधा नापासाचा असतो. मुलाच्या वाढदिवसाचा केक तिला अपराधासारखा वाटू लागतो. दिवसभर घरचे आणि कचेरीचे हिशोब देणाऱ्या बाईच्या मागे आणखी एका हिशोबाचे लचांड लागते. आणि जरी दहा किलो उतरले, तरी पुढे काय? साध्य संपले, क्रिया संपली, वजन परत आले.

म्हणून ध्येय दूरचे असावे, पण ते किलोंत नव्हे, तर जगण्याच्या भाषेत मांडलेले असावे. सत्तरीत मांडी घालून पंगतीत बसता यावे आणि हाताचा आधार न घेता उठता यावे. नातवंडाला कडेवर घेऊन अंगणभर फिरता यावे. रेल्वेचा पूल धापा न टाकता चढता यावा. आपली पिशवी आपल्याला उचलता यावी, आपले स्नान आपल्याला करता यावे. अशा ध्येयाला शेवटची तारीख नसते. त्याच्याकडे जाणारा रस्ता हाच त्याचा काही अंश असतो. कारण पूल चढण्याची तयारी पूल चढूनच होते, आणि मुलांबरोबर धावता यावे म्हणून करावयाचा सराव मुलांबरोबर धावण्यानेही होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेले मार्गदर्शन या दृष्टीने दिलासा देणारे आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, असे त्यात म्हटले आहे. १५० मिनिटे म्हणजे दिवसाकाठी जेमतेम एकवीस मिनिटे. हालचाल सलग दहा मिनिटांची तरी हवी, अशी पूर्वीची अट होती. ती आता काढून टाकली आहे. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपल्या आज्या सांगत, तेच शास्त्र आता सांगते आहे. स्टेशनापर्यंतची रिक्षा सोडून झपाझप चालणे, जिना चढणे, भरल्या बाटल्या हाती घेऊन दंड कमावणे, रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन भुईगावच्या किंवा कळंबच्या किनाऱ्यावर वाळूतून लांब फिरणे, हे सारे त्या हिशोबात जमा होते. किनाऱ्यावरच्या त्या फेरीत व्यायाम कोणता आणि घरचे सुख कोणते, हे वेगळे काढता येणार नाही.

मात्र सर्व व्यायाम मुलांच्या संगतीतच व्हावा, असा आग्रह धरणेही चुकीचे ठरेल. तसे केल्यास आईचा मोकळा वेळ पुन्हा दुसऱ्यांच्या सेवेला जुंपला जाईल. आठवड्यातून दोन-तीन वेळा तिने एकटीने किंवा मैत्रिणींबरोबर फिरायला जावे आणि मागे घर चालू राहावे, यालाही स्वतंत्र मोल आहे. आई नसताना भात लावणारा मुलगा त्या अर्ध्या तासात जे शिकतो, ते त्याला कोणत्याही उपदेशाने शिकवता येत नाही.

शेवटी एक इशारा आवश्यक आहे. आरोग्य हा सद्गुण नव्हे आणि आजार हे पाप नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. जिच्या अंगात रक्तच कमी आहे तिला धावण्याचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे आहे. तिला आधी तपासणी, सकस अन्न आणि झोप हवी. सुदृढ आई ही अधिक चांगली आई, असे समीकरण मांडणेही तितकेच घातक. अनेक आजारी मातांनी अंथरुणावरून घरे सावरली आहेत. नव्या काळाने बाईच्या माथी कर्तव्यांची जी उतरंड चढवली आहे, तिच्यावर ‘सडपातळ राहा’ हे आणखी एक मडके ठेवण्यासाठी हा लेख नाही.

म्हणूनच हा प्रश्न एकट्या आईचा ठरत नाही. २८९ आणि ८८ यांमधील अंतर तिच्या निश्चयाने तुटणार नाही. ते घरातील इतरांनी हात लावल्यानेच तुटेल. ‘तू स्वतःकडे लक्ष दे’ असे पत्नीला सांगणाऱ्या पतीने पाठोपाठ भांड्यांच्या ढिगाकडे वळावे, नाहीतर ते वाक्य बोलू नये. तिच्या वेळेतून आपण जी दोनशे मिनिटे दररोज वापरतो, त्यांतील एकवीस परत करणे याला औदार्य म्हणता येणार नाही. ती परतफेड आहे, आणि तीही फार थोडी.