मधली जमीन

साखरखेर्ड्याच्या शिवारात, दिवस कलल्यावर, एखाद्या धुऱ्यावर येऊन बसा. सोयाबीन निघालेलं असेल, तूर उभी असेल. श्वास त्याच्या चालीने चालू द्या आणि नजर हातभर जमिनीवरच ठेवा.

बोराटीचं झुडूप दिसेल. हे कुणी लावलं? कुणीच नाही. कोल्ह्याने दुसऱ्याच शिवारात बोरं खाल्ली असतील, रात्री तो या धुऱ्याने गेला असेल आणि त्याच्या विष्ठेतून बी इथे पडलं असेल. शेजारचं कडुनिंबाचं रोपही असंच, एखाद्या पाखराच्या पोटातून आलेलं. धुऱ्यावर नांगर फिरत नाही, म्हणून दोघं तगली. इथे थोडं थांबा. कोल्ह्याला चालायला आडोसा मिळाला म्हणून बोराटी आली, आणि बोराटी वाढली की कोल्ह्याला पुन्हा आडोसा मिळतो. यात आधी कोण, हे ठरवायची गरज नाही. नुसतं पाहत राहा.

आता नजर हळूहळू लांब न्या. धुरा पांदणीला मिळतो, पांदण ओढ्यापाशी उतरते. ओढ्याच्या काठाने बाभळी आणि पळस. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप दिवसा तिथे दबून राहतो आणि रात्री पिकात उतरतो. ज्याच्या तुरीची नासाडी होते त्याचा संताप खरा आहे. तो बाजूला सारून हे मनन करता येणार नाही. तोही सोबत घेऊन बसा.

आणखी लांब. पूर्वेला मेहकर, तिथे पैनगंगा. बुलडाण्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी वाशिम, हिंगोली ओलांडून यवतमाळ-नांदेडच्या सीमेकडे जाते. त्या यवतमाळातल्या टिपेश्वर अभयारण्यात २०१९ च्या फेब्रुवारीत एका तरुण वाघाच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी रेडिओ कॉलर बांधली. नोंदीत त्याचं नाव टी१सी१. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने टिपेश्वर सोडलं. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत डिसेंबरात तो आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढच्या वर्षी कॉलर निघेपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या वर गेली होती आणि पाच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद झाली होती.

डोळे मिटा आणि त्यातली एक रात्र मनात आणा. वाघ ओढ्याच्या पात्रातून चालतो आहे. वर कापसाचं शेत, पलीकडे मोटरपंपाचा आवाज, कुठे कुत्री भुंकतायत. उजाडायच्या आत त्याला झाडोरा गाठायचा आहे. तो गाठेपर्यंत त्याच्या लेखी सगळा मुलूख म्हणजे दोन झाडोऱ्यांमधलं अंतर. वाटेत रानडुक्कर मिळालं तर पोट भरतं, नाही मिळालं तर एखाद्या गोठ्यातलं जनावर जातं. नकाशावर आपण अभयारण्याला हिरवा रंग देतो आणि बाकीचं कोरं सोडतो. त्याचा बहुतेक प्रवास त्या कोऱ्या भागातला, म्हणजे तुमच्या-माझ्या शेतांतला आहे.

कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञ कार्ल हफेकर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवावा. संत्र्यांवर जगणारे बारीक कोळी आणि त्यांना खाणारे दुसरे कोळी. संत्री साधी, जवळजवळ मांडली की खाणारे सगळ्यांना फस्त करत आणि मग स्वतः उपाशी मरत. मग हफेकरांनी मांडणी मोठी केली, मध्ये व्हॅसलिनचे अडथळे आखले, छोट्या काड्या रोवल्या. भक्ष्य कोळी काडीवर चढून रेशमाच्या धाग्याने वाऱ्यावर पुढे जात. शिकाऱ्याला पायीच यावं लागे. आता दोघंही बराच काळ टिकले, तीनदा वाढले आणि घटले. कोळी तेच, संत्री तीच. बदलली ती मांडणी आणि तिच्यातून जाण्याची सोय.

हे ध्यानात ठेवून पुन्हा आपल्या तालुक्याकडे या. सिंदखेड राजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला. वाघ आला होता त्याच्या आधी. प्राण्यांसाठी त्या रस्त्याखालून आणि काही ठिकाणी वरून मार्ग ठेवले आहेत, आणि हे चांगलंच झालं. पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी ओढा उघडाबोडका असेल तर जनावर तिथवर येईलच कसं? आपण दरवर्षी धुरा थोडा कोरतो, ई-क्लासची, म्हणजे गायरानाची, जमीन वहितीखाली आणतो, ओढ्याचा काठ यंत्राने साफ करतो. यातलं एकेक काम किरकोळ वाटतं. मला ते किरकोळ वाटेनासं झालं आहे.

ज्ञानगंगेत त्या वाघाला शिकार होती, पाणी होतं. वाघीण नव्हती. वाघिणी सहसा आईच्या मुलखाजवळच राहतात. नरासारख्या इतक्या दूर निघत नाहीत. म्हणजे नर पोचला तेवढ्याने भागत नाही. त्या वाटेवर अधिक जवळजवळ, निवांत बसता येईल अशी ठिकाणं हवीत, आणि ती सरकारी जंगलापेक्षा ओढ्याकाठी आणि गायरानातच निघू शकतात.

आता उठा. घरी पांदणीने न जाता ओढ्याच्या काठाकाठाने जा, आणि झाडोरा कुठे कुठे तुटला आहे ते बघत चला.