दिलेले परत घेता येते काय?

देवळाच्या कोठीत हंडे, पराती, कढया असतात. कोणा भक्ताने त्या दिलेल्या असतात, काठावर त्याचे नाव कोरलेले असते, आणि चिंताकीसारख्या सीमेवरच्या गावात बोलणारा मराठी असो की कन्नड, ज्याच्या घरी कार्य तो त्या नेतो व घासून परत ठेवतो. आता समजा, उत्सवाच्या मानपानात पंचांनी त्या दात्याचा अवमान केला. ऐन लग्नाच्या सकाळी आपले हंडे उचलून नेण्याचा अधिकार त्यास आहे काय?

हा प्रश्न सन २०१६ मध्ये संगणकाच्या जगात प्रत्यक्ष उद्भवला. संकेतस्थळे रचणारे कारागीर प्रत्येक आज्ञा नव्याने लिहीत नाहीत. एकाने लिहिलेला उपयुक्त भाग 'एनपीएम' नामक सामायिक कोठीत ठेवावा व इतरांनी विनामूल्य उचलावा, अशी तेथील रीत. अझेर कोचुलू या तुर्की गृहस्थाने असे अडीचशेहून अधिक भाग तेथे ठेविले होते. त्यांतील एकाचे 'किक' हे नाव त्याच नावाच्या कंपनीने मागितले. त्याने नकार दिला. कोठीच्या चालकांनी ते कंपनीस देऊन टाकिले. तेव्हा संतापून २२ मार्च रोजी त्याने आपले सारे भाग काढून घेतले. त्यांत 'लेफ्ट-पॅड' हा ११ ओळींचा तुकडा होता. शब्दाच्या डावीकडे हवी तेवढी जागा भरून काढणे, इतकेच त्याचे काम. परंतु त्यावर इतरांनी मजल्यावर मजले चढविले होते, आणि जगभर अनेकांची बांधणी एकाएकी अडली.

नारदस्मृतीत 'दत्ताप्रदानिक' म्हणजे दिलेले परत मागण्याचा तंटा, हे स्वतंत्र व्यवहारपदच आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याचे कलम १२६ केवळ दात्याच्या मर्जीवर रद्द होणारे दान मानीत नाही. मला मात्र त्याच वर्षीच्या इझमेंटच्या कायद्याचे कलम ६० अधिक जवळचे वाटते: परवानगीवर विसंबून कोणी खर्च करून पक्के काम उभारले, तर परवानगी मागे घेता येत नाही. हे कलम जमीनजुमल्याचे, हे खरे, न्याय तोच.

तथापि हंडा एकच असतो, लिहिलेल्या आज्ञेच्या प्रती कितीही होतात. ज्यांनी प्रत स्वतःजवळ ठेविली होती त्यांचे काहीच गेले नाही. अडले ते दरवेळी कोठीकडे धावणारे. ११ ओळींसाठीही परक्याच्या दारी जाणाऱ्यांनी दात्यास कृतघ्न म्हणावे, हे मला रुचत नाही.

सुमारे दोन तासांनी चालकांनी तो तुकडा पुन्हा जागेवर ठेविला, व २४ तासांनंतर कोणासही आपला भाग सहजी काढता येणार नाही असा नियम केला. पंचांनी मानपानात काय केले, याची चौकशी त्या नियमात नाही.